रोक्कालूनाच्या कमानीत घेतलेलं नाव

शेवटी दिगंबरकाकांनी मावशीचं नाव घेतलं. यमक जुळवून, खड्या आवाजात, इटलीतल्या एका डोंगरी गावात, काळ्या झग्यातल्या अनोळखी म्हातारीसमोर.

हे वाक्य कृपया विसरून जा. आमच्या घराण्याची अधिकृत भूमिका अशी आहे की असं काही घडलेलंच नाही. काका म्हणतात, त्या दिवशी ऊन फार होतं. मावशी म्हणते, कुठली कमान? तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू आणि बसमध्ये जाऊन बसू. कारण मी तेव्हा बसमध्येच होतो. शेवटच्या लांब बाकावर, मधोमध. डावीकडे मावशी, उजवीकडे काका.

“त्यांना विचार, बीपीची गोळी घेतली का,” मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“काका, बीपीची गोळी घेतली का?”

“तिला सांग, घेतली.”

“मावशी, घेतली.”

“त्यांना सांग, सकाळची नाही विचारत. दुपारची.”

काकांनी मुकाट्यानं खिशातून गोळी काढली. “तिला सांग, पाण्याची बाटली तिच्या पिशवीत आहे.”

बाटली माझ्यामार्फत गेली, माझ्यामार्फत परत आली. दोघांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, पण नियम म्हणजे नियम. चार महिने असंच चाललं होतं आणि सहलीचा हा सातवा दिवस होता. बसमधल्या बाकीच्या मंडळींना इटालियन समजत नव्हतं म्हणून गाईड दिलेला. माझ्या माणसांना मराठीतून मराठीत समजत नव्हतं, म्हणून मला आणलेलं.

झालं होतं असं. काका बांधकाम खात्यातून मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी चौतीस जणांचे आभार मानले. त्यात तीन वरिष्ठ होते, एक झेरॉक्सवाला होता, बारा वर्षं चहा आणणारा शिपाई होता आणि खात्याची जीप होती, नंबरासकट. मावशी पहिल्या रांगेत नवी पैठणी नेसून बसली होती. तिचं नाव आलं नाही. घरी येईस्तोवर ती काही बोलली नाही आणि घरी आल्यावरही बोलली नाही. काकांनी खुलासा केला की यादी खात्यापुरती मर्यादित होती. हा खुलासा त्यांनी करायला नको होता.

मेलबर्नच्या मंदारनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, या भानगडीच्या आधीच दोघांची इटलीची सहल नक्की करून ठेवली होती. ती रद्द होईना. मग त्यानं मला तिसरा म्हणून घातलं. मी मिरजेला घरी बसून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे मोकळाच होतो.

पण माझाही यात जीव अडकला होता. मावशीनं माझ्या आईला स्पष्ट सांगितलं होतं, “इटलीहून आले की मी कराडला जाणार नाही. सरळ तुझ्याकडे येणार, कायमची.” आमच्याकडे खोल्या तीन. एकीत आईबाबा, एकीत देव आणि गहू, एकीत मी. मावशीचं शिलाई मशीन आम्ही निघायच्या आधीच टेंपोनं मिरजेला आलं होतं आणि माझ्या टेबलाच्या जागी बसलं होतं. टेबल गच्चीवर. पुढच्या आठवड्यात मीही गच्चीवर.

“त्यांना सांग,” मावशी म्हणाली, “खिडकीला डोकं टेकून झोपू नका, मान धरते.”

काका ताठ बसले. कायमची सोडून निघालेली बाई मानेची काळजी करते, यावर मी थोडी आशा ठेवून होतो. पण मशीन आलेलं होतं, हेही खरं.

रोक्कालूना डोंगराच्या शेंड्यावर पांढऱ्या खड्यांसारखं सांडलेलं गाव होतं. बसनं आम्हाला अर्ध्या डोंगरावर उतरवलं. वरच्या चौकात जेवण आणि तीन वाजता तिथूनच बस. आमचा स्थानिक गाईड लोरेन्झो चपळ होता. तो बोलत बोलत पुढे निघून गेला आणि त्याच्या लक्षात आलं नाही की आपण एकटेच बोलतोय. आमचा टूर मॅनेजर केदार मागे राहिला, कारण कुणाची तरी टोपी वाऱ्यानं ऑलिव्हच्या बागेत गेली होती. मधे आम्ही वीसेक जण दगडी गल्ल्यांतून धापा टाकत फोटो काढत होतो.

काका फोटो काढत नव्हते. ते भिंतींवर टकटक करत होते.

“नऊशे वर्षं उभी आहे ही,” ते मला म्हणाले. “का माहितीये?”

“का?”

“कामाची मुदत लिहून दिली नसणार.”

मावशीचं हसू फुटलं होतं. ते तिनं पदरात धरलं आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, भिंतीला हात लावू नका, इथं दंड असेल.”

गल्ली वळली आणि समोर कमान आली. एक घर गल्लीवर आडवं बसलं होतं आणि वाट त्याच्या पोटातून जात होती. आत अंधार, पलीकडे उजेडाचा तुकडा, त्यातून चौकातल्या टेबलांचे पांढरे कपडे दिसत होते. आणि कमानीच्या तोंडाशी काळ्या झग्यातली एक म्हातारी उभी होती. तिनं उजवा हात आडवा धरला होता, टोलनाक्याच्या दांडक्यासारखा. आम्हाला बघून ती काहीतरी लांबलचक बोलली. कुणालाच कळलं नाही.

फलटणच्या निंबाळकरकाकी सोडून.

“अगं बाई,” काकी म्हणाल्या, “दार अडवलंय!”

“कशाला?” कुणीतरी विचारलं.

“कशाला काय? बाईमाणसानं दारात हात आडवा धरला तर कशाला धरते? नाव घ्यायला! जगात कुठंही जा, बायका सारख्याच.” त्यांनी पदर सारखा केला, म्हातारीला नमस्कार केला आणि सुरू झाल्या,

“पांढरी पांढरी घरं जिथं, डोंगरावर वसलंय गाव,
पासपोर्ट माझा त्यांच्या खिशात, घेते विश्वासरावांचं नाव.”

म्हातारीनं मागे वळून आत पाहिलं. मग हात खाली केला, काकींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “आवान्ती!” काकी विजयी मुद्रेनं आत गेल्या. टाळ्या पडल्या. म्हातारीनं हात पुन्हा आडवा धरला.

यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा?

मग रांगच लागली. नाशिकची नवी नवरी शर्वरी म्हणाली, “आत्ता? इथे? मला एकच येतो, तो लग्नात संपला.” तिनं मोबाईल काढला, रेंज नव्हती. तिनं डोळे मिटले आणि स्वतःच्या जिवावर उडी घेतली,

“पिझ्झावर चीज, चीजवर ऑलिव्ह, ऑलिव्हमध्ये बी,
अद्वैतचं नाव घ्यायला इटलीला आले मी.”

हात खाली. “आवान्ती!”

अद्वैत बायकोमागोमाग निघाला, तर हात पुन्हा वर. “पुरुषांनाही आहे!” अशी बातमी रांगेत मागे मागे गेली आणि चार पुरुषांना एकदम तहान लागली. पण म्हातारी कुणालाच सोडेना. विश्वासरावांनी लग्नातलाच उखाणा घेतला, एकेचाळीस वर्षांत शब्दाचा बदल नाही. गोडबोले बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि अविवाहित. त्यांनी म्हातारीला तसं आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितलं. हात हलला नाही. तेव्हा बाईंनी मान ताठ केली आणि स्वतःचंच नाव घेतलं, पूर्ण, एम. ए., बी. एड.सकट. हात लगेच खाली आला. बाई आत जाताना मला म्हणाल्या, “बघ, यमकाची गरज नसते.”

अशी एकेक करत सगळी मंडळी पार झाली आणि बाहेर तिघं उरलो. मावशी, मी, काका. मावशी सगळ्यांत पुढे, कमानीला लागून.

हात आडवा.

“घ्या हो हेमलताताई!” आतून निंबाळकरकाकींचा आवाज आला. त्या पलीकडे पोहोचून चार पावलं पुन्हा आत आल्या होत्या. आमच्या तिघांची टपालव्यवस्था सात दिवस सगळ्या बसनं पाहिली होती. आता काय होतं ते ऐकायला काकी जिवाचा कान करून अंधारात उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे उजेडात बाकीची डोकी.

“मी नाही घेणार,” मावशी म्हणाली.

म्हातारी आत बघून काहीतरी ओरडली. हात तसाच.

“मावशी, ती चिडतेय,” मी म्हणालो. “घेऊन टाक ना. एक ओळ.”

“त्यांना सांग, मला नाव आठवत नाही.”

मी काकांकडे वळलो.

“तिला सांग,” काका म्हणाले, “दिगंबर.”

“मावशी, दिगंबर.”

“त्यांना सांग, पस्तीस वर्षांत मी सतरा ठिकाणी घेतलं. मंगळागौरीला, बारशाला, खात्याच्या स्नेहसंमेलनात माइकवरून. माझा कोटा संपला.”

“तिला सांग...” काकांनी सुरुवात केली आणि ते थांबले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा निरोप अर्ध्यात राहिला.

म्हातारी पुन्हा ओरडली. या वेळी मोठ्यानं, दोन्ही हात हलवून. आतून काकींनी तिला साथ दिली, “ती सोडणार नाही हो! म्हणतेय, नाव घेतल्याशिवाय नाही!”

“दुसरी वाट आहे का?” मावशीनं मला विचारलं.

होती. खालून फिरून, एकशे ऐंशी पायऱ्या. लोरेन्झोनं सकाळीच सांगितलं होतं. मावशीचा उजवा गुडघा वीस पायऱ्यांचा होता, फार तर पंचवीस.

“त्यांना सांग, मी खालून येते,” ती म्हणाली. “उशीर झाला तर जा म्हणावं. नाहीतरी पुढं एकटीनंच जायचंय.”

आणि ती खरोखर वळली. एक पायरी उतरली. दुसरी उतरली. मला माझं टेबल दिसायला लागलं, गच्चीवर, पावसात. मी काकांकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते खोलीबद्दल होतं, पण काकांनी ते मावशीबद्दल समजून घेतलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. साइटवर मोठे साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे उभे राहिले.

“चौतीस नावं घेतली तेव्हा, पाया यादीत नव्हता...”

मावशी तिसऱ्या पायरीवर थांबली. काकांचा आवाज घसरला. त्यांनी तो खाकरून जागेवर आणला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा सोडला,

“जमिनीखाली असतो तो. माझा पाया, हेमलता!”

वरच्या एका खिडकीतलं मांजरसुद्धा आमच्याकडे बघत होतं. मग आतून निंबाळकरकाकींनी “वाऽऽऽ!” केलं आणि टाळ्या पिटत त्या मागे चौकाकडे पळाल्या, सगळ्यांना सांगायला. म्हातारीचा हात खाली आला.

मावशी तीन पायऱ्या चढून आली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती कमानीत शिरली, आतल्या अंधारात आठ-दहा पावलं गेली आणि पलीकडे जाऊन वळली.

“पाय बघून टाका हो,” ती म्हणाली. “फळी हलतेय.”

माझ्यामार्फत नाही. थेट. मी मधे होतोच, पण आता मी फक्त गल्लीत उभा असलेला एक मनुष्य होतो, हातात दुसऱ्याची टोपी घेऊन. काका आत गेले. पलीकडून मावशीनं हात पुढे केला. तो त्यांनी गुडघ्याच्या काळजीपोटी धरला की फळीच्या, ते मला सांगता येणार नाही. सोडला नाही एवढं दिसलं.

मग माझी पाळी. मी अविवाहित होतो, कुणाचं नाव घ्यावं या विचारात होतो. पण म्हातारीनं मला काही विचारलंच नाही. नुसती मान हलवली, “आवान्ती.” तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जेवताना लोरेन्झो आमच्या टेबलापाशी आला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, “त्या आजीबाई, असुंता, मला विचारत होत्या. तुमच्याकडे फळीवर पाय ठेवण्याआधी मंत्र म्हणतात का?”

“कुठल्या फळीवर?” केदारनं विचारलं. त्याला टोपी सापडली नव्हती.

मग उलगडा झाला. कमानीच्या आत एक पायरी फुटली होती. असुंताबाईंनी ती सकाळीच सिमेंटनं नीट करून घेतली होती आणि ओल्या पायरीवर फळी टाकली होती. फळी जुनी, एका वेळी एकच माणूस पेलणारी. म्हणून त्या हात आडवा धरून एकेकाला सोडत होत्या. पुढचा उतरला की हात खाली, मागचा चढला की हात वर. पहिली तीन-चार माणसं मंत्र म्हणून मगच आत शिरली तेव्हा त्यांना राग आला होता, आपल्या फळीवर एवढा अविश्वास? नंतर त्यांना चाल आवडली.

सगळं टेबल खदखदून हसलं. निंबाळकरकाकी जराही ओशाळल्या नाहीत. “फळी तर मी पाहिलीच होती,” त्या म्हणाल्या. “पण फळीवरून जाणं ही काय आपल्याला सांगायची गोष्ट आहे?” काकाही हसले. म्हणाले, “अरेच्चा, असं होतं होय!” मावशी म्हणाली, “कमालच झाली बाई.” आणि तिनं आपल्या ताटलीतलं वांगं काकांच्या ताटलीत सरकवलं, परस्पर.

मुंबईला उतरल्यावर मावशीची बॅग कराडच्या गाडीत गेली. आठ दिवसांनी मशीन गेलं. टेबल खाली आलं. त्यावर अभ्यास करून मी परीक्षा नापास झालो, पण तो माझा आणि टेबलाचा प्रश्न.

याला सहा वर्षं झाली. परवा काकांचा मोतिबिंदू काढला, म्हणून मी कराडला गेलो होतो. एका डोळ्यावर हिरवा पडदा घेऊन काका गॅलरीत बसले होते. खाली कुणीतरी जिन्याचं काम काढलं होतं. काकांनी हवा हुंगली.

“गिलावा ओला आहे,” ते म्हणाले.

“डोळा झाकलेला असताना कसं कळलं?”

“वास येतो रे. छत्तीस वर्षं तेच केलं. तिथंसुद्धा आला होता. गल्लीच्या वळणावरच.”

“कुठं?”

“तिथं. इटलीत.” ते जिन्याकडे बघत राहिले. “कमानीत पायरी ओली, वर फळी, फळी एका माणसाची. शर्वरी आत गेली तेव्हाच सगळं ध्यानात आलं होतं. आणि शेवटी ती निंबाळकरीण पलीकडच्या टोकावर चढून उभी. ती उतरल्याशिवाय म्हातारी हात खाली कसा करेल?”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मग काका, ‘काकी, फळीवरून उतरा’ एवढंच म्हणायचं होतं की.”

“हो.”

“मग?”

“तुझी मावशी समोर उभी होती ना,” काका म्हणाले. मग लगेच, “तिला सांगू नकोस हां.”

मी स्वयंपाकघरात गेलो. मी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, “मावशी, इटलीतली ती फळी तुला आधी दिसली नव्हती का गं?”

मावशी थालीपीठ थापत होती. तिनं बोटानं मधे भोक पाडलं.

“मला काय डोळे नव्हते? सगळ्यांत पुढे मीच उभी. फळी माझ्या पायापासून वीतभर. त्या टोकाला काकी बुजगावण्यासारख्या उभ्या. ‘सरका’ म्हणणार होते. शब्द जिभेवर आलेला गिळला.”

“आणि तू पायऱ्या उतरायला लागलीस!”

“तीन उतरले. त्यापण सावकाश.” तव्यावर तेल सोडत ती म्हणाली, “म्हटलं, बघू तरी काय करतात.”

“काय केलं?”

“कान लाल झाले होते त्यांचे. लग्नात अंतरपाट काढला तेव्हासुद्धा एवढे झाले नव्हते.” तिनं उलथनं माझ्यावर रोखलं. “त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय, मला ठाऊकच नाही. आणि तसं काही झालंच नव्हतं, कळलं?”

कळलं. दोन निरोप माझ्यापाशी आहेत आणि दोन्ही पोचवायचे नाहीत. मी थालीपीठ खाल्लं, मिरजेला आलो आणि एक अर्ज लिहिला.

प्रति,
मा. नगराध्यक्ष, रोक्कालूना.

विषय : नीट झालेली पायरी पुन्हा फोडून मिळण्याबाबत.

महोदय,

अर्जदार विवाहित असून, त्याची पत्नी सौ. ऋजुता ही गेले नऊ दिवस त्याच्याशी शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीमार्फत बोलत आहे. कारण अर्जदारास पूर्णपणे माहीत आहे, परंतु मान्य नाही. आपल्या गावातील कमानीतली पायरी आता पक्की झाली असून फळी काढून टाकली आहे, असे लोरेन्झो यांच्याकडून समजते. काम चांगले झाले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सदर पायरी आमच्या आगमनाच्या दिवशी सकाळी फोडून, सिमेंट ओले ठेवून, वर एकाच माणसाची फळी टाकून द्यावी, श्रीमती असुंता यांस दुपारपर्यंत हात आडवा धरून उभे राहण्याचे लेखी आदेश द्यावेत, आणि अर्जदाराच्या तोंडून नाव बाहेर पडेपर्यंत नगरपालिकेचा एक जबाबदार कर्मचारी फळीच्या पलीकडच्या टोकावर उभा करावा, ही नम्र विनंती.